सोड्याची बाटली आणि गंगापूर धरण: इक्विलिब्रियम कुठला, स्टेडी स्टेट कुठली?

भाचा अकरावी सायन्सला आहे. परवा म्हणाला, "मामा, पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणात जेवढी आवक तेवढाच विसर्ग सोडतात, पातळी हलतच नाही, मग हा इक्विलिब्रियमच झाला ना?" प्रश्न भारी होता, उत्तर मात्र नाही असं आहे. ती स्टेडी स्टेट झाली, म्हणजे एकीकडून येणारं आणि दुसरीकडून जाणारं सारखं असल्याने न बदलणारी स्थिती, आणि हा घोळ बीएस्सीच्या पोरांचाही होतो.

आधी काचेची सोड्याची बाटली घ्या, न फोडलेली. आत एकदम शांत दिसतं, पण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सतत वरच्या मोकळ्या जागेत निसटत असतो आणि वरचा तेवढ्याच वेगाने परत पाण्यात शिरत असतो, शिवाय त्यातला थोडासा पाण्याशी जुळून कार्बोनिक आम्ल होतो आणि ते आम्ल त्याच वेगाने मोडतंही. जाणारा आणि येणारा, दोघांची वाट एकच. बाहेरून काही येत नाही, बाहेर काही जात नाही, आणि तापमान तेच राहिलं तर हे असंच चालू राहतं. हा इक्विलिब्रियम. बूच उघडलं की फस्स, कारण गेलेला गॅस आता परत येत नाही.

आता धरण. त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस धरणात येतो, दरवाजातून गोदावरीत, मग रामकुंडाजवळ लोक दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला गर्दी करतात, आणि ते पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी असं निघून जातं. त्यातला थेंबही उलटा त्र्यंबकला चढत नाही. दरवाजे तसेच उघडे ठेवा आणि फक्त आवक थांबली असं धरा, पातळी लगेच उतरायला लागेल. बाटलीला मुळात आवकच लागत नाही. ओळखायची माझी खूण हीच, आवक तोडून बघायची.

आणि हो, इक्विलिब्रियमला मराठीत "समतोल" म्हटलं की डोळ्यासमोर तराजू येतो आणि पोरं निम्मं-निम्मं लिहून मोकळी होतात. हायड्रोजन आणि आयोडीन सारख्या मोलमध्ये घेऊन बंद भांड्यात सुमारे ४४५ अंश सेल्सिअसला ठेवा, साधारण ७८ टक्के हायड्रोजन आयोडाइड होतं आणि २२ टक्के कच्चा माल तसाच उरतो. उलट, नुसतं हायड्रोजन आयोडाइड ठेवलं तर त्यातलं २२ टक्के मोडतं आणि गाडी त्याच ठिकाणी येऊन थांबते. सारखे असतात ते वेग, प्रमाण नाही!

खरी गंमत अमोनियाच्या कारखान्यात. नायट्रोजन-हायड्रोजनची रिॲक्शन रिव्हर्सिबल, म्हणजे उलटीही होणारी, पुस्तकात ती इक्विलिब्रियमच्याच धड्यात, म्हणून सगळ्यांना वाटतं प्लांटही इक्विलिब्रियममध्ये बसलेला असतो. पण तिथे ताजा गॅस सतत आत ढकलतात, एका फेरीत जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास अमोनिया बनतो, तो थंड करून द्रव करून काढून घेतात आणि उरलेला गॅस परत फिरवतात. कंट्रोल रूममधले काटे तासन्‌तास हलत नाहीत, तरी ते गंगापूर धरणच, बाटली नाही.