मागे रेललात की घसरलात

पावसाळ्यात बडोद्याजवळच्या पावागड डोंगराच्या ओल्या पायऱ्या कशा उतरायच्या, हे कुणी शिकवावे लागत नाही. अंग आपोआप जरा मागे जाते, गुडघे ताठ होतात, हात कठडा शोधतो. घसरलोच तर बसते होऊ, तोंडावर आपटणार नाही, असा शरीराचा हिशोब असतो आणि पायऱ्यांवर तो बरोबरही असतो. पायांत स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब फळ्या, चढवल्या की मात्र तोच हिशोब उलटा पडतो. डिसेंबर-जानेवारीत बडोद्याहून गुलमर्ग, सोलंग किंवा औलीला जाणाऱ्या नवशिक्यांची बरीचशी धास्ती या एका चुकीतून जन्मते.

उतारावर 'सरळ' उभे राहणे म्हणजे काय, इथून सुरुवात करू. सपाट जमिनीवर सरळ म्हणजे गवंड्याच्या ओळंब्याच्या रेषेत. १५ अंशांच्या उतारावर खाली तोंड करून त्याच ओळंब्याच्या रेषेत उभे राहिलात, तर स्कीच्या दृष्टीने तुम्ही १५ अंश मागे कललेले असता. थांबलेल्या माणसाला ते चालते. पण घसरत वेग घेणाऱ्या माणसाने हातात ओळंबा धरला, तर तो देवदारांच्या बुंध्यांना समांतर लोंबणार नाही, उताराशी जवळजवळ काटकोन करील. वेग घेणाऱ्याला 'खाली' ही दिशाच बदललेली जाणवते. बर्फावर घर्षण फार थोडे, त्यामुळे काटकोनापासूनचा फरक दोन-तीन अंशांचाच राहतो. थोडक्यात, तोल राखायचा तर अंग झाडांसारखे उभे नको, दरीकडे झुकलेले हवे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा सल्ला शुद्ध वेडेपणा वाटतो.

मागे रेलले की वजन टाचेवर येते आणि स्कीचे पुढचे टोक हलके होते. पुढच्या भागाची कड बर्फात रुतते तेव्हा स्की वळायला लागते. ती रुतलीच नाही तर वळण नाही. पुढचे चाक उचलून सायकलचे हँडल फिरवण्यासारखाच प्रकार. वळण नाही म्हणून वेग वाढतो, वेग वाढला म्हणून माणूस आणखी मागे जातो. शिवाय सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो आणि थोड्याच वेळात मांड्या पेटतात. तपासायची खूण सोपी आहे. नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली हवी, आणि दोन्ही पंजे कमरेच्या उंचीवर, समोर, नजरेच्या टप्प्यात हवेत. पंजा दिसेनासा झाला की समजावे, मागे गेलो.

'उतार फार खडा आहे' ही तक्रार पुष्कळदा डोळ्यांची असते. माणूस चढ-उताराचा अंदाज नेहमी फुगवून करतो. जेमतेम ५ अंशांचा चढ लोक साधारण २० अंशांचा सांगतात, आणि माथ्यावरून खाली पाहताना हा भ्रम वाढतो. त्यात टक्के आणि अंश यांचा घोळ. १०० टक्के उतार म्हणजे उभी भिंत नव्हे, ४५ अंश. युरोपात स्कीच्या सोप्या, निळ्या रंगाच्या वाटा सहसा २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १४ अंशांपर्यंत असतात आणि मध्यम अवघड, लाल वाटा ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ अंशांपर्यंत.

वेगाची भीती मात्र भ्रम नाही. आकडेच पाहा. मेण लावलेल्या स्कीवर ६ अंशांच्या उतारावरून न अडता ३० मीटर गेलात की वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास जातो. उतार १५ अंशांचा असेल तर तेवढ्याच अंतरात, साडेपाच सेकंदांत, ताशी ४०. ताशी २० ने थेट आदळणे म्हणजे दीड मीटरवरून पडणे, ताशी ४० ने आदळणे म्हणजे सहा मीटरांहून जास्त, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, ती ही अशी. युरोपीय मानकानुसार स्कीचे हेल्मेट तपासतात ते दीड मीटरवरून आपटून, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाला. हेल्मेटने डोक्याच्या दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटतात, तेव्हा ते घालायलाच हवे. पण झाडावर ताशी ४० ने आदळल्यावर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

मग वेग आवरायचा कसा? पहिल्या दिवशी शिकवतात ते 'स्नोप्लाऊ', म्हणजे स्कीची पुढची टोके जवळ, शेपट्या फाकलेल्या, आतल्या कडा बर्फावर घासलेल्या. मंद उतारावर ते पुरते, खड्या उतारावर मांड्या हार मानतात. अनुभवी माणूस वेग आवरतो तो ब्रेक लावून नव्हे, दिशा बदलून. उतारावर तांब्याभर पाणी ओतले तर ज्या रेषेने ते सरळ खाली जाईल, त्या रेषेपासून ६० अंश तिरके निघालात तर १५ अंशांचा उतार तुमच्यासाठी साडेसात अंशांचाच उरतो. वळण पूर्ण करून स्कीची टोके किंचित चढाकडे नेलीत तर थांबताही येते. नवशिका वळण अर्ध्यात सोडतो, नेमके टोके दरीकडे असताना, आणि वेग वाढला म्हणून घाबरतो.

याहून मोलाची युक्ती म्हणजे 'साइडस्लिप', आणि ती फार कमी लोक मन लावून शिकतात. स्की उताराला आडव्या ठेवायच्या, जास्त वजन खालच्या स्कीवर, गुडघे किंचित डोंगराकडे. कडा बर्फात रुतल्यामुळे तुम्ही उभे आहात. आता गुडघे हळूच दरीकडे ढिले सोडा. कडा सुटतात आणि तुम्ही आडवेच, लोणी फासल्यासारखे खाली सरकता. गुडघे पुन्हा डोंगराकडे आणले की थांबता. हे दोन्ही बाजूंनी, दहा-दहा मीटर, मनात येईल तिथे थांबत जमले की कुवतीबाहेरच्या उतारावर चुकून पोचलात तरी लाज न बाळगता खाली येता येते. वरून पाहताना छातीत धडधडते त्याचे मुख्य कारण 'आता सुटका नाही' हा विचार असतो. साइडस्लिप ही ती सुटका.

आता गुडघा. बडोद्यात गरब्यामुळे गुडघ्याची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. तळवा जमिनीला धरून राहिला आणि अंग गिरकीत पुढे गेले की काय होते, हे नवरात्रात ऑर्थोपेडिक डॉक्टर पाहतातच. स्कीवर तळव्याला दीड मीटरची फळी जोडलेली असते, म्हणजे पिळायला भलामोठा दांडा. पूर्वी या दांड्याने नडगीचे हाड मोडायचे. बूट स्कीला धरून ठेवणारी आणि जोर आला की सुटणारी बाइंडिंग सुधारत गेली तसे १९७० च्या दशकापासून ते प्रमाण खूप खाली आले. गुडघ्याच्या आतला एसीएल हा बंध मात्र अजून तुटतो, आणि तो मोठ्या वेगातच तुटतो असे नाही. नेहमीचा प्रसंग पुष्कळदा साधा असतो. माणूस मागे बसतो, नितंब गुडघ्यांच्या खाली जातात, वरच्या बाजूचा हात मागे फेकला जातो आणि सगळे वजन खालच्या स्कीच्या शेपटीजवळच्या आतल्या कडेवर येते. ती कड रुतते, स्की आत वळते, गुडघा पिळतो. बाइंडिंगचा पुढचा भाग सुटतो तो बूट आडवा ढकलला गेल्यावर, मागचा सुटतो तो टाच वर उचलली गेल्यावर. शेपटीकडून आलेला हा पीळ साध्या बाइंडिंगला नीट जाणवतच नाही.

अमेरिकेत व्हरमाँटच्या संशोधकांनी हा क्रम ओळखून स्की-केंद्रांवरच्या कर्मचाऱ्यांना तो टाळायला शिकवले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रशिक्षितांच्या गंभीर गुडघा-दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्या होत्या. शिकवले काय, तर हात पुढे, पाय जवळ, हातांचे पंजे स्कीच्या वर. तोल गेलाच तर पडून घ्या. पडताना पाय पूर्ण ताठ करू नका, आणि घसरणे थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. शेवटचे सगळ्यांत अवघड, कारण पडलेल्या माणसाला आधी लोक बघताहेत हे दिसते.

बाइंडिंग किती जोरावर सुटावी हे 'डिन' आकड्यावर ठरते. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि स्की चालवण्याची पद्धत (सावध, मध्यम, आक्रमक) यांवरून तक्ता पाहून दुकानदार तो लावतो. १० वर्षांखालच्या मुलांसाठी आणि पन्नाशीपुढच्यांसाठी आकडा एक पायरी खाली येतो. आकडा फार वर गेला तर स्की सुटत नाही, फार खाली गेला तर भलत्या वेळी सुटते. म्हणून भाड्याच्या दुकानात वजन खरे सांगावे, आणि 'थोडं येतं मला' असे तर मुळीच म्हणू नये. दुकानदाराने काही न विचारता स्क्रू फिरवला तर दुसरे दुकान गाठावे. बूट बाइंडिंगमध्ये घालण्याआधी तळव्याचा बर्फ खरवडून काढायचा. बोटभर बर्फ अडकला तरी बूट नीट बसत नाही आणि सगळा हिशोब चुकतो.

बुटांबाबत आपल्याकडची हमखास चूक म्हणजे थंडीच्या धास्तीने दोन-तीन लोकरी मोजे. पाय दाबला जातो, रक्त पोचत नाही आणि बोटे उलट जास्त गारठतात. एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा घालावा आणि थर्मल पॅन्टचा काठ बुटाबाहेर ठेवावा. सरळ उभे राहिल्यावर अंगठा बुटाच्या टोकाला हलकेच लागायला हवा आणि गुडघे वाकवले की सुटायला हवा. चालताना सैल, आरामशीर वाटणारा बूट उतारावर दगा देतो.

स्नोबोर्डवाल्यांची काळजी वेगळी. त्यांचे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, म्हणून गुडघा तुलनेने वाचतो आणि मनगट जाते. पडताना तळवा पुढे येणे हीसुद्धा जुनी सवयच. मनगटाचे संरक्षक पट्टे खरोखर उपयोगी आहेत, निदान पहिले काही दिवस. दुसरा प्रकार जास्त वाईट. फळी सपाट पडली, दरीकडची कड बर्फात अडकली की माणूस क्षणात आपटतो. टाचेकडची कड अडकली तर मागे, डोक्याच्या पाठीमागच्या भागावर. हे नेमके मंद उतारावर, बेसावध नवशिक्याला होते, म्हणून 'इथे तर सपाटच आहे' म्हणत हेल्मेट काढू नये. मागे पडताना हनुवटी छातीशी, पाठ गोल, आधी बूड टेकवून लोळण. पुढे पडताना मुठी मिटून कोपरापासूनचा हात टेकायचा. कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्याला यात नवे काही नाही.

पावागडचा उडनखटोला (रोपवे) ज्यांना परका नाही त्यांना गुलमर्गचा गंडोला घाबरवत नाही. घाबरवते ती उघडी चेअरलिफ्ट, आणि तीही उतरताना. काठ्यांचे पट्टे मनगटातून आधीच काढा, स्कीची टोके वर ठेवा, खुणेवर उभे राहा, सरळ घसरा आणि लगेच बाजूला व्हा. ओढणाऱ्या लिफ्टवर बसायचे नसते, ती फक्त ओढते. पडलात तर दांडा सोडून रुळातून बाहेर लोळा.

ज्यांची भीती वाटायला हवी त्या गोष्टींकडे मात्र लोक बिनधास्त पाठ फिरवतात. बडोदे समुद्रसपाटीपासून ४० मीटरही वर नाही. गुलमर्ग २,६५० मीटरवर, आणि गंडोलाचा दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. तिथे दर श्वासातला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. विमानाने श्रीनगरला उतरून दुसऱ्याच सकाळी वर जाणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ, घेरी आली तर ती 'कालच्या वाझवाना'ची, म्हणजे काश्मिरी मेजवानीची, असेलच असे नाही. पहिले दोन दिवस खालच्या मैदानावर काढावेत आणि लक्षणे वाढली तर खाली उतरावे.

वरच्या उतारांवर दुसरा धोका हिमस्खलनाचा. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे ताज्या बर्फात सगळ्यांत मोहक दिसणाऱ्या. जीवघेण्या अपघातांत स्खलन सुरू होते ते बहुधा त्या माणसाच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत सापडला तर वाचण्याची शक्यता खूप, अर्ध्या तासानंतर फारच कमी. म्हणून ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओ-यंत्र), शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाकडे हवे, नुसते गाइडकडे नव्हे, कारण गाडला जाणारा गाइडही असू शकतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखराच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा असाच जीव गेला. गस्तीच्या हद्दीची दोरी ओलांडणे हा नवशिक्यांचा विषयच नाही.

ऊन आणि वारा थोडक्यात. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल हवा आणि हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन हवे. उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २० ची थंडी लागते. सोबत्याच्या गालावर किंवा नाकावर पांढरा डाग दिसला की तो चोळायचा नाही, उबदार तळहाताने झाकायचा.

एवढे करूनही पाय लटपटतात, कारण भीतीने विरुद्ध बाजूंचे स्नायू एकदम आवळले जातात आणि सांधे लवचिक राहत नाहीत. श्वास रोखून धरलेला असतो. वळण घेताना मोठ्याने श्वास सोडा, हवे तर आकडे मोजा. ज्या झाडाची भीती वाटते त्याकडे नव्हे, झाडांमधल्या मोकळ्या जागेकडे पाहा. नजर जाते तिकडे खांदे वळतात, मागोमाग स्की. आणि मित्र वर चालले म्हणून त्यांच्यामागे जाऊ नका. त्यांचा तिसरा दिवस हा तुमचा पहिला दिवस असतो.

तयारी घरूनच करता येते. स्कीवर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, जिना उतरताना झेलतो तसा. म्हणून पावागड चढून उडनखटोल्याने खाली येण्यापेक्षा उडनखटोल्याने वर जाऊन पायऱ्या उतरणे जास्त उपयोगी. निघण्याआधी सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा: भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखे ३० ते ६० सेकंद बसणे, चार वेळा. एका पायावर उभे राहून दात घासणे, सकाळी डाव्या, रात्री उजव्या. पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवणे, प्रत्येक पायाने १२ वेळा, उतरताना तीन आकडे मोजत. गुडघा आत कलत असेल तर तो आरशासमोर सुधारावा, गुलमर्गला नाही. शेवटच्या तीन-चार दिवसांत मात्र पावागड नको, दुखऱ्या मांड्या घेऊन पहिल्या उतारावर उभे राहण्यात अर्थ नसतो.