ग्रेट बेसिनमधील वसंतातील शीत आघाडी

अमेरिकेच्या पश्चिम भागातील ग्रेट बेसिन या उंच वाळवंटावरून वसंत ऋतूत, म्हणजे साधारण मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, थंड हवेच्या आघाड्या वरचेवर सरकत जातात. अशी एखादी आघाडी आली की ऊन, धुळीचा वारा, गडगडाट, गारा आणि बर्फ हे सगळे दीड-दोन दिवसांत उरकून जाते.

पश्चिमेला सिएरा नेवाडा आणि पूर्वेला वॉसॅच या पर्वतरांगांच्या मधला हा प्रदेश आहे. नेवाडा राज्याचा बहुतेक भाग, युटाचा पश्चिम भाग आणि ऑरेगन, आयडाहो व कॅलिफोर्नियाचे काही तुकडे त्यात येतात. इथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत. त्या खाऱ्या सरोवरांत किंवा कोरड्या सपाट तळांवर संपतात. दऱ्यांचे तळच बहुतेक ठिकाणी 1,200 ते 1,800 मीटर उंचीवर आहेत. सिएराच्या पर्जन्यछायेमुळे पाऊस जेमतेम पडतो. नेवाडातील रिनो शहरात वर्षाला 200 मिलिमीटरही भरत नाही.

दोन वायुराशींमधील, म्हणजे वेगवेगळ्या तापमानाच्या हवेच्या दोन मोठ्या साठ्यांमधील, सीमेला ‘आघाडी’ मानण्याची कल्पना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतील बर्गन येथे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यांच्यासमोर होता तो अटलांटिक महासागर आणि युरोपचा किनारा. ग्रेट बेसिनच्या डोंगराळ भूमीवर ते चित्र जसेच्या तसे लागू पडत नाही. पॅसिफिकवरून येणारी आघाडी बरेचदा फिकट असते, किनाऱ्यावर तापमान थोडेसेच उतरते. तीच आघाडी उत्तर युटापर्यंत पोचते तेव्हा तिला धार आलेली असते. काही वेळा तर ती बेसिनमध्येच नव्याने तयार होते. म्हणून तिला नुसती समुद्राकडून आलेली पाहुणी म्हणणे अपुरे आहे. तिच्या घडणीत या वाळवंटाचा हात मोठा आहे.

असे का घडते? दक्षिण सिएरा उंच आणि सलग आहे, तिथून समुद्राची थंड हवा सहज ओलांडू शकत नाही. पर्वताच्या आडोशाला दक्षिणेकडची कोरडी, उबदार हवा वर सरकत राहते. उत्तरेकडे मात्र डोंगर तुलनेने ठेंगणे असल्याने पश्चिमेची थंड हवा आत शिरते. नेवाडावर हे दोन प्रवाह एकमेकांना भिडतात आणि तापमानातला फरक एका अरुंद पट्ट्यात गोळा होतो. त्यात वसंतातले ऊन भर घालते. आघाडीच्या पुढचे आकाश निरभ्र असल्याने जमीन तापते. मागच्या बाजूला ढगांची सावली असते, शिवाय पडणारा पाऊस कोरड्या हवेत वाफ होताना उष्णता शोषून घेतो. पुढचा भाग तापत जातो, मागचा गार होत जातो, आणि दुपारी उशिरा हा फरक सर्वांत तीव्र होतो.

आघाडी येण्याच्या दिवशी सकाळपासून हवेचा दाब उतरू लागतो. दुपारी नैर्ऋत्येचा वारा उठतो आणि सिएराच्या माथ्यावर भिंगाच्या आकाराचे ढग एकाच जागी थबकलेले दिसतात. रिनोच्या दक्षिणेला वॉशो दरीत अशा वाऱ्याने उंच ट्रक आणि ट्रेलर उलटतात, म्हणून त्यांना त्या रस्त्यावर बंदी घातली जाते. मग वारा एकाएकी फिरून वायव्येचा होतो, दाब चढू लागतो आणि जोरदार आघाडीत तासा-दोन तासांत पारा 10 अंशांहून अधिक घसरतो.

महाराष्ट्रातल्या वळवाशी या आघाडीच्या गडगडाटी पावसाची गल्लत करू नये. वळीव मुख्यतः जमीन तापून उठतो. इथे तापलेल्या जमिनीवर वरून अतिशय थंड हवा येते, त्यामुळे दमट हवा थोडी असली तरी ढग उभे राहतात. ढगांचे तळ उंच असतात. त्यांतून लोंबणाऱ्या पावसाच्या करड्या झालरी जमिनीला टेकण्याआधीच विरतात. विजा मात्र खाली पोचतात. मागच्या थंड हवेत दाणेदार मऊ गारा पडतात आणि बर्फाची रेषा दरीच्या तळापर्यंत उतरते. युटातील सॉल्ट लेक सिटीत वर्षातला सर्वांत पावसाळी काळ वसंतच असतो. रिनोत मात्र तो मान हिवाळ्याकडे आहे.

आघाडी गेल्यावर आकाश निवळते, वारा पडतो आणि रात्री दव गोठून दहिवर धरते. एप्रिलमध्ये बहरलेल्या फळझाडांचा मोहर त्यात करपतो. रिनोतले बागकाम करणारे लोक शहरालगतच्या सुमारे 2,500 मीटर उंचीच्या पीव्हाइन डोंगरावरचे बर्फ गेल्याशिवाय टोमॅटो लावायचे नाहीत, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तारखेपेक्षा हा अडाखा भरवशाचा आहे, कारण तो त्या वर्षीच्या हवेला धरून चालतो.

धूळ हा या आघाड्यांचा सर्वांत गंभीर परिणाम, आणि त्यात माणसाचा दोष मोठा आहे. कॅलिफोर्नियातील ओवेन्स दरीचे पाणी 1913 साली कालव्याने लॉस एंजेलिसला नेण्यात आले आणि 1926 पर्यंत ओवेन्स सरोवर जवळजवळ कोरडे पडले. त्याच्या क्षारयुक्त तळावरून आघाडीचा वारा गेला की पांढुरकी धूळ गावांवर पसरे. सूक्ष्म धूलिकणांचा हा देशातला सर्वांत मोठा उगम ठरला. 2001 पासून उथळ पाणी साठवून, खडी पसरून आणि गवत वाढवून तो तळ दाबून धरला जात आहे. युटातील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराची पातळी 2022 मध्ये नोंदीतल्या नीचांकाला गेली आणि तिथेही तळ उघडा पडला.

तरीही या आघाड्यांचे बर्फ हवेहवेसे असते, कारण उन्हाळ्याचे पाणी डोंगरावरच्या साठ्यातूनच मिळते. तो साठा मोजण्याची पद्धत रिनोच्या विद्यापीठातील अभिजात भाषांचे प्राध्यापक जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रिनोजवळच्या माउंट रोझ या डोंगरावर घडवली. पुढे 1940 च्या दशकात हिमालयातील हिममापनासाठी ते भारतातही आले. आज 1 एप्रिलची मोजणी प्रमाण मानली जाते. पण एकच आघाडी आधी धूळ आणि मागोमाग नवे बर्फ टाकते. ते पांढरे आवरण वितळले की खालचा तपकिरी थर पुन्हा उघडा पडतो, ऊन शोषतो आणि वॉसॅचवरचे बर्फ लवकर वितळवतो. त्यामुळे धरणांचे नियोजन करणाऱ्यांना बर्फ किती आहे याच्या जोडीला त्यात धूळ किती आहे हेही पाहावे लागते.