परवानगीवाचून छापलेली पाने : स्वतंत्र भूमिगत कॉमिक्स मासिकांची पार्श्वभूमी

स्वतंत्रपणे निघणाऱ्या भूमिगत कॉमिक्स मासिकांचे आकर्षण अनेक दशकांनंतरही टिकून आहे आणि त्याचे कारण बहुधा त्यांच्या बेधडक विषयांत शोधले जाते. लैंगिकता, अमली पदार्थ, युद्धविरोध, धर्मसंस्थांची टवाळी या विषयांनी सुरुवातीचा वाचक ओढला गेला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु यांपैकी एकही विषय आज दुर्मीळ राहिलेला नाही, आणि तरीही अशी मासिके निघतात, विकली जातात आणि त्यांचे जुने अंक जपून ठेवले जातात. कारण अन्यत्र असले पाहिजे. चित्र काढणारा आणि ते वाचणारा यांच्यामध्ये कोणाकोणाची संमती लागते, या प्रश्नाभोवती या मासिकांचा इतिहास फिरत आला आहे, आणि वाचकाला ती मध्यस्थी नसल्याची जाणीव पानापानावर होते, हेच त्यांचे खरे बळ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अमेरिकेत १९५४ च्या एप्रिल आणि जून महिन्यांत सिनेटच्या एका उपसमितीने कॉमिक्स आणि बालगुन्हेगारी यांच्या संबंधाबाबत न्यूयॉर्कमध्ये जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांतून कायदा झाला नाही. प्रकाशकांनीच त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. प्रत्येक कथेत चांगल्याचा वाइटावर विजय झाला पाहिजे, पोलीस, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे काही दाखवता कामा नये, अंकाच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द वापरू नयेत, अशी तिची कलमे होती. छपाईपूर्वी पाने तपासणीसाठी पाठवावी लागत आणि मंजुरीनंतर मुखपृष्ठावर शिक्का छापता येई. शिक्का नसलेला अंक बहुतेक वितरक उचलत नसत, आणि वितरकाने न उचललेला अंक वृत्तपत्रांच्या स्टॉलवर पोहोचण्याचा मार्गच नव्हता. कायद्याने बंदी न घालता केवळ वितरणाची वाट अडवून एक संपूर्ण माध्यम बालवाङ्मयाच्या चौकटीत कसे कोंबता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे अवघड आहे. ही संहिता कॉमिक बुकांना लागू होती, मोठ्या आकाराच्या मासिकांना नव्हती. एका विनोदी प्रकाशनाने १९५५ मध्ये मासिकाचा आकार धारण केला आणि ते तिच्या कक्षेबाहेर राहिले. पुढच्या दशकात ज्यांनी भूमिगत कॉमिक्स काढली, त्यांच्यापैकी अनेक जण त्याच मासिकावर वाढलेले होते.

येथे ‘भूमिगत’ या शब्दाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठीत भूमिगत म्हटले की पोलिसांना चुकवून, नाव बदलून राहणारा कार्यकर्ता डोळ्यांसमोर येतो. या अर्थाने खरोखर भूमिगत असे साहित्य अमेरिकेत १९२० च्या दशकापासून होते: लोकप्रिय चित्रकथांतील पात्रांना घेऊन रचलेल्या आठ पानी अश्लील पुस्तिका, ज्यांवर ना चित्रकाराचे नाव असे, ना छापखान्याचे. १९६० च्या दशकातील कॉमिक्स याच्या नेमकी उलट होती. त्यांवर चित्रकाराची सही होती, किंमत होती, प्रकाशकाचा पत्ता होता आणि ती रस्त्यावर उघड विकली जात होती. त्यांचे भूमिगत असणे त्या शिक्क्याच्या आणि स्टॉलच्या संदर्भात होते, म्हणजे मान्यताप्राप्त वाटेने न जाण्यापुरते होते. इंग्रजीतील ‘कॉमिक्स’ (comics) या शब्दाच्या शेवटी ‘cs’ऐवजी मुद्दाम ‘x’ लिहिण्याची प्रथा याच काळात रूढ झाली. ही कॉमिक्स प्रौढांसाठी आहेत आणि ती त्या शिक्क्याच्या घराण्यातली नाहीत, हे त्या एका अक्षरातून सांगितले जाई. पुढे आलेले ‘पर्यायी’ आणि ‘स्वतंत्र’ हे शब्द सोयीचे असले, तरी त्यांत हा उघडेपणा व्यक्त होत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत १९६८ च्या सुरुवातीला निघालेल्या ‘झॅप कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची किंमत २५ सेंट होती आणि तो केवळ प्रौढ बुद्धिवाद्यांसाठी असल्याची सूचना मुखपृष्ठावरच छापली होती. हेट स्ट्रीटवर त्याच्या प्रती बाबागाडीतून विकल्या गेल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मात्र तिच्या रम्यतेमुळे या चळवळीचा व्यवहार झाकला जातो, आणि या लेखकाला तो व्यवहारच अधिक महत्त्वाचा वाटतो. मुख्य प्रवाहात चित्रकाराला पानामागे ठरावीक मोबदला मिळे. पात्रे, हक्क आणि बहुधा मूळ चित्रेही कंपनीकडे राहत. भूमिगत प्रकाशकांनी स्वामित्वहक्क चित्रकाराकडेच ठेवला आणि छापलेल्या प्रतींच्या प्रमाणात त्याला मानधन दिले. मुखपृष्ठ रंगीत आणि आतली पाने काळी-पांढरी असल्याने ऑफसेटवर खर्च आवाक्यात राही. अंकावर महिना नसल्यामुळे तो शिळा होत नसे. मागणी असेपर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहत. खरे तर यांना मासिके म्हणणे ही सवयीची सोय आहे; मराठी वाचकाच्या परिचयाचा ‘अनियतकालिक’ हा शब्द त्यांना अधिक शोभतो. विक्री होत असे ती चिलमी, विड्यांचे कागद आणि भित्तिचित्रे ठेवणाऱ्या, ‘हेड शॉप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानांतून. एकदा घेतलेला माल परत न करण्याच्या बोलीवर ही दुकाने अंक विकत घेत, म्हणून लहान प्रकाशकाच्या डोक्यावर न खपलेल्या गठ्ठ्यांचा बोजा पडत नसे.

हीच दुकाने या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा ठरली. ‘झॅप’च्या १९६९ मधील चौथ्या अंकाबद्दल न्यूयॉर्कमध्ये पुस्तकविक्रेत्यांवर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला आणि १९७० मध्ये ते दोषी ठरले. चित्र काढणाऱ्याऐवजी ते विकणाऱ्याला शिक्षा होऊ शकते, हा धडा सर्व दुकानदारांना मिळाला.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २१ जून १९७३ चा निकाल आला. त्याविषयी आजही मतभेद आहेत, आणि भूमिगत कॉमिक्सचा इतिहास कसा सांगायचा हे बऱ्याच अंशी या निकालाला किती वजन द्यायचे यावर ठरते. मूळ प्रकरणाचा कॉमिक्सशी काहीही संबंध नव्हता. कॅलिफोर्नियातील एका उपाहारगृहात न मागता टपालाने आलेल्या अश्लील जाहिरातपत्रकांवरून ते उद्भवले होते. पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने न्यायालयाने अश्लीलतेची कसोटी बदलली. पूर्वी एखाद्या कृतीत सामाजिक मूल्याचा पूर्ण अभाव आहे, हे सिद्ध करणे आवश्यक होते. आता समग्र कृतीत गंभीर स्वरूपाचे वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य नसणे पुरेसे झाले. त्याहून दूरगामी बदल असा की, कृती कामवासना चाळवणारी आहे का, हे त्या त्या स्थानिक समाजाच्या तत्कालीन मापदंडांनी ठरवण्याची मुभा मिळाली.

एखाद्या चित्रकाराच्या बाजूने पाहिले, तर ही कसोटी फार जाचक वाटत नाही. राजकीय आशय असलेली किंवा आत्मचरित्रात्मक चित्रकथा न्यायालयात बहुधा तरून गेली असती. पण तरण्यासाठी आधी खटला उभा राहावा लागतो आणि त्याचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोत छापलेला अंक शेकडो गावांत जात होता. प्रत्येक गावाचा मापदंड वेगळा, आणि तो कोणता हे ज्यूरी बसल्याशिवाय कळणार नाही. एका अंकामागे काही सेंट मिळवणाऱ्या दुकानदाराने ही जोखीम का पत्करावी? त्याने ती पत्करली नाही. खटल्यांपेक्षा खटल्याच्या भीतीने अधिक काम केले, आणि १९५४ मध्ये वितरकांच्या नकाराने जे साधले होते, तेच १९७३ नंतर दुकानदारांच्या सावधगिरीने साधले गेले.

या निकालामुळेच भूमिगत कॉमिक्सचा पहिला काळ संपला, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणारा पक्षही दुबळा नाही. १९७२-७३ पर्यंत बाजारात इतके अंक आले होते आणि त्यांतले इतके सुमार होते की दुकानांत ढीग साचू लागले होते. कागद महागला होता. या चित्रकारांना पहिली जागा देणारी भूमिगत वृत्तपत्रे बंद पडत होती. आणि अमेरिकेतील सक्तीची सैन्यभरती थांबल्याने त्या पिढीचा संतापही निवळू लागला होता. हे सर्व मान्य करूनही या लेखकाला निकालाचे वजन कमी करावेसे वाटत नाही, कारण मंदीनंतर बाजार सावरतो, पण तोवर दुकानेच हातची गेली होती. या दशकाच्या अखेरीस अमली पदार्थांच्या साधनांविरुद्ध जे कायदे झाले, त्यांनी उरलीसुरली हेड शॉप्सही मोडीत काढली.

लंडनमध्येही याच सुमारास एका भूमिगत मासिकाच्या, शाळकरी मुलांनी संपादित केलेल्या विशेषांकावरील खटला गाजला. लहान मुलांच्या लाडक्या अस्वलाचे डोके एका भूमिगत चित्रकथेवर चिकटवल्याचे प्रकरण त्यात होते. १९७१ मध्ये मासिकाचे संपादक दोषी ठरले आणि अपिलात ती शिक्षा रद्द झाली.

परवानगी झुगारण्याची एक काळी बाजू होती आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सुरुवातीच्या अंकांतील बरीच चित्रे स्त्रियांविरुद्धच्या हिंसेने आणि वर्णद्वेषी प्रतिमांनी भरलेली होती. सगळे काही उपरोधाच्या नावाखाली खपवले जाई आणि स्त्री चित्रकारांना या अंकांत क्वचितच जागा मिळे. त्यांनी बंदीची मागणी न करता स्वतःचे अंक काढले. केवळ स्त्रियांनी रचलेले पहिले कॉमिक १९७० मध्ये निघाले, आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या एका सामूहिक अनियतकालिकाने आळीपाळीने संपादक बदलत १९९२ पर्यंत १७ अंक काढले. समलिंगी स्त्रीने स्वतःची ओळख उघड करण्याची कथा त्याच्या पहिल्याच अंकात आली होती. या परंपरेतील सर्वांत धीट काम येथे झाले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

याच वर्षी, १९७२ मध्ये, एका भूमिगत कॉमिकमध्ये नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या बापाची हकीकत उंदरांच्या रूपात सांगणारी तीन पानी कथा छापली गेली. तिचाच विस्तार न्यूयॉर्कहून १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘रॉ’ या मासिकात छोट्या पुस्तिकेच्या रूपाने क्रमशः येऊ लागला, आणि १९९२ मध्ये त्या कृतीला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. तीन पानांना एवढा लांबचा प्रवास करू देण्याइतका धीर कोणत्याही मोठ्या प्रकाशनगृहाकडे त्या काळात नव्हता. ‘रॉ’ने वस्तू म्हणून अंकाचाही विचार केला. त्याचा आकार भव्य होता, आणि सातव्या अंकाच्या प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठाचा कोपरा हाताने फाडलेला होता. त्याच्याशी उभा दावा असल्यासारखे १९८१ मध्ये ‘वीर्डो’ निघाले, ज्यात गबाळेपणा, वेडसर रेषा आणि नवशिक्यांची कबुलीवजा चित्रे यांना आनंदाने जागा मिळे. १९९३ पर्यंत त्याचे २८ अंक निघाले. एकाला कलादालनाची ओढ आणि दुसऱ्याला कट्ट्याची, पण दोघांपैकी कोणालाही शिक्क्याची गरज नव्हती.

अमेरिकेबाहेरच्या शाखांचा विस्तृत आढावा येथे शक्य नाही. टोकियोत १९६४ मध्ये सुरू झालेले ‘गारो’ २००२ पर्यंत चालले, आणि त्यातील बराच काळ मानधन मिळत नसूनही चित्रकार त्याला कथा देत राहिले. इंग्लंडमधील न्यूकॅसलमध्ये १९७९ च्या अखेरीस १५० प्रती काढून सुरू झालेले एक वात्रट कॉमिक दहा-अकरा वर्षांत दहा लाखांवर खपू लागले. १९९२ या एकाच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश येथे आफ्रिकान्स भाषिक समाजाच्या ढोंगावर त्याच भाषेतून प्रहार करणारे आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या स्लोव्हेनियात लुब्लियाना येथे अनेक देशांच्या चित्रकारांना एकत्र आणणारे अशी दोन मासिके निघाली.

१९५४ चा तो शिक्का मोठ्या कंपन्यांपैकी एकीने २००१ मध्ये आणि शेवटच्या दोघींनी २०११ च्या जानेवारीत सोडला. तोवर त्याला कोणी विचारत नव्हते. आज अंक छापणाऱ्यापुढे वेगळे मध्यस्थ आहेत: विक्रीचे डिजिटल मंच आणि पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्या, ज्यांच्या अटी कोणत्याही स्थानिक ज्यूरीपेक्षा कमी वेळात बदलू शकतात. त्यामुळेही अनेक तरुण चित्रकार पुन्हा कागदाकडे वळलेले दिसतात. एक कागद दुमडून केलेली आठ पानी झेरॉक्स पुस्तिका किंवा दोन-तीन रंगांत रिसोग्राफ या स्वस्त छपाईयंत्रावर छापलेला अंक ते मेळ्यांतील टेबलावर स्वतः बसून विकतात. मात्र एक फरक खटकतो. पहिल्या पिढीचे अंक स्वस्त होते, पुन्हा पुन्हा छापले जात आणि मागेल त्याला मिळत. आजचे अनेक अंक शे-दोनशे क्रमांकित प्रतींपुरते काढले जातात, पुन्हा छापले जात नाहीत आणि वाचले जाण्याआधीच संग्राहकांच्या पाकिटांत बंद होतात.