प्रोड्युसर की साउंड इंजिनियर? ‘जिनियस’ म्हणायचं कोणाला

आपल्याकडे ‘प्रोड्युसर’ म्हटलं की सिनेमाला पैसा लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पॉप रेकॉर्डचा प्रोड्युसर तो नव्हे. त्याचं काम दिग्दर्शकाच्या जवळचं: कोणतं गाणं घ्यायचं, लय काय ठेवायची, वाद्यं कोणती, कितवा टेक पसंत करायचा. माइक कुठे लावायचा, आवाज टेपवर कसा चढवायचा हे साउंड इंजिनियर बघतो. फरक सरळ आहे. पण रेकॉर्डचा ‘साउंड’ आवडला की सगळं श्रेय प्रोड्युसरच्या खात्यात जमा होतं, आणि घोटाळा तिथेच होतो. 1960 च्या दशकातल्या बीटल्स या इंग्लिश बँडचा प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन याचं असंच झालं आहे.

वेगळं करायची एक युक्ती आहे. गाणं पेटीवर वाजवून पाहा. जे उरेल ते गाणं रचणाऱ्याचं. नोटेशन दुसऱ्या वादकांना दिलं तरी जे टिकेल ते अरेंजरचं, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं हे लिहून देणाऱ्याचं, आणि बीटल्सच्या बाबतीत अरेंजर बहुधा मार्टिनच. मूळ टेपखेरीज जे कुठेच सापडत नाही, ते बरंचसं इंजिनियरचं.

‘एलेनॉर रिग्बी’वर (1966) ही कसोटी लावू. चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो (ही व्हायोलिनचीच मोठी, खालच्या सुरांची भावंडं), स्वरलेखन मार्टिनचं. तुटक, टोचणारे स्ट्रोक त्याने कागदावरच लिहिले होते, त्यामुळे ते कुठल्याही वादकांकडून येतील. पण गज तारेवर घासल्याची खरखर येणार नाही. त्या काळी तंतुवाद्यांचे माइक काही फूट दूर, उंचावर असत, म्हणजे आठही वाद्यांचा आवाज खोलीत मिसळून गुळगुळीत होऊन यायचा. बीटल्सचा साउंड इंजिनियर जेफ एमरिकने माइक पार तारांजवळ नेले. वादक अवघडले आणि खुर्च्या मागे सरकवू लागले. जवळच्या माइकमध्ये बारीकशी चूकही लपत नाही. एमरिक तेव्हा 20 वर्षांचा होता.

‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये (1966) बीटल्सपैकी जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून येणाऱ्या मंत्रघोषासारखा हवा होता. एमरिकने तो हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरमधून काढला. त्यातला भोंगा गरगर फिरतो, त्यामुळे आवाज सतत जवळ-दूर होत राहतो. समोर माइक लावून तो पुन्हा टेपवर घेतला. तोच आवाज दोनदा गाऊन दाट करायचा लेननला कंटाळा; त्यावर स्टुडिओचा तंत्रज्ञ केन टाउनसेंडने दुसऱ्या टेप मशिनने किंचित उशिराची प्रत जोडण्याची पद्धत काढली. यातलं काहीही मार्टिनचा शोध नव्हतं.

मग मार्टिनचं काय? ‘इन माय लाइफ’चा (1965) पियानोचा तुकडा घ्या. मूळ वेगात तो नीट वाजेना, म्हणून मार्टिनने टेप निम्म्या वेगात, सेकंदाला 15 ऐवजी साडेसात इंच, फिरवली आणि एक सप्तक खाली, निम्म्या लयीत स्वतः वाजवलं. टेप नेहमीच्या वेगात लावताच स्वर वर गेले आणि प्रत्येक स्वराचं विझणंही दुप्पट जलद झालं. म्हणून तो पियानो हार्पसिकॉर्डसारखा (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं वाद्य) ऐकू येतो. रचना, वादन आणि तंत्र एकाच डोक्यातून निघालं, असं क्वचित घडतं.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’मध्ये मात्र वाटणी करणं कठीण. लेननला एका टेकची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. दोन्हींची पट्टी वेगळी, लयही वेगळी. टेपचा वेग बदलला की पट्टी आणि लय दोन्ही एकदमच हलतात. अर्ध्या स्वराला वेग सुमारे 6 टक्के बदलावा लागतो. नशीब असं, की उंच पट्टीचा टेकच जलद होता, म्हणून तो मंद करताच दोन्ही गोष्टी जुळत आल्या. उंच टेक संथ असता, तर पट्टी जुळवताना लय आणखी फाटली असती. मार्टिन आणि एमरिक यांनी 22 डिसेंबर 1966 ला साधारण पहिल्या मिनिटाशी सांधा मारला. त्यानंतर लेननचा आवाज जड, झोपाळलेला वाटतो. तो त्या मंद केलेल्या टेपचा परिणाम.

वरच्या कसोटीला एक भोकही आहे: निर्णय ऐकू येत नाहीत. ‘प्लीज प्लीज मी’ मुळात संथ होतं. 1962 मध्ये मार्टिनने लय वाढवायला लावली. ‘कान्ट बाय मी लव्ह’ ध्रुवपदाने सुरू करा, हीही त्याचीच सूचना. दोन्हींत तंत्र शून्य, आणि त्यांच्याशिवाय ती गाणी आपल्या ओळखीची राहत नाहीत. तेव्हाच्या टेप मशिनवर चारच ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे ठेवायच्या चारच पट्ट्या असत, त्यामुळे निर्णयांना वजनही फार होतं. ट्रॅक भरले की चारही एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे. दर उतरणीला फुसफुस वाढते, आणि ढोल मोठा झाला म्हणून नंतर कमी करता येत नाही.

म्हणून मार्टिनला जिनियस म्हणायला हरकत नाही, पण स्वरलेखन आणि निवड यांसाठी. फिरत्या भोंग्यासाठी नव्हे. हिंदी सिनेमात उलट घडलं: सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी स्वरलेखन केलं आणि नाव संगीतकाराचं झालं. प्रोड्युसरने चुकीची निवड केली तर काय होतं, तेही बीटल्सकडेच सापडतं. फिल स्पेक्टर या दुसऱ्या प्रोड्युसरने 1970 मध्ये ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर वाद्यवृंद आणि कोरस चढवला, बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी भडकला, आणि 2003 मध्ये त्या गाण्याची त्याविना आवृत्ती निघाली.