नाकापर्यंत पोहोचणारी हवा

भिंतीवरचे हवामापक यंत्र ज्या हवेचा आकडा दाखवते, तीच हवा आपल्या श्वासात जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अनेकदा चुकीचा ठरतो, हे दाखवून देणारे साधन म्हणजे श्वास घेणारा तापता पुतळा, म्हणजेच थर्मल मॅनिकिन.

दिसायला तो कापडदुकानातील पुतळ्यासारखा असतो. मात्र त्याचे डोके, छाती, हात, पाय असे भाग वेगवेगळे तापवून पृष्ठभागाचे तापमान त्वचेइतके, म्हणजे साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअस ठेवले जाते. एवढ्याशा उबेला इतके महत्त्व का, हाच या विषयातला खरा रंजक भाग आहे. अंगाला लागून असलेली हवा तापून हलकी होते, पायांपासून वर सरकू लागते, चढता चढता तिचा थर जाड होत जातो आणि डोक्यावर पोहोचेपर्यंत तिला सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर इतका वेग येतो. आपले नाक या प्रवाहातच असते. त्यामुळे खोलीतील हवा स्थिर असेल, तर आपण समोरची नव्हे, तर बरीचशी खालून वर आलेली हवा हुंगतो: जमिनीलगतची धूळ तिच्यात असेल तर तीही, आणि गार, ताजी हवा जमिनीलगत हळुवार सोडलेली असेल तर डोक्याभोवतीची हवा कोंदट असूनही नाकाशी येणारी हवा त्या मानाने स्वच्छ. थंड पुतळ्यावर हे काहीच दिसत नाही.

श्वासासाठी पंप असतो. मिनिटाला १० श्वास आणि प्रत्येक श्वासात सुमारे ०.६ लिटर हवा, ही विश्रांतीतली मांडणी. उच्छ्वासात माग काढता येईल असा वायू मिसळतात आणि समोर बसवलेल्या दुसऱ्या पुतळ्याच्या श्वासात तो किती उतरला, हे मोजतात. नाकातून सोडलेला उच्छ्वास दोन तिरक्या झोतांनी खाली जातो, तोंडातून सोडलेला मात्र सरळ समोर. एवढ्या फरकानेही समोरच्याच्या वाट्याला येणारे प्रमाण बदलते. ‘संपूर्ण खोलीची हवा शुद्ध’ अशा जाहिराती वाचताना मोजणी कुठे केली, हे म्हणूनच विचारायला हवे.

पुतळा स्वस्थ बसतो, माणूस नाही. म्हणून काही प्रयोगांत पुतळ्याला खोलीतून पुढे सरकवतात. वेग पुरेसा वाढला की अंगाभोवतीचा ऊबदार थर विस्कटून मागे पडतो आणि नाकाशी येणारी हवा भोवतालच्या हवेसारखीच होते.