मुलाला पट्टा लावणं म्हणजे बांधून ठेवणं?

बाहेर फिरताना मूल पळून जाऊ नये म्हणून त्याच्या छाती-पाठीवर किंवा मनगटावर पट्टा लावतात आणि त्याच्या दोरीचं टोक मोठ्यांच्या हाती असतं. "लहान मुलाला पट्टा लावला की ते नीट चालायला शिकत नाही, हात धरला की पुरे." हा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची माया खरी आहे, समजूत मात्र तपासायला हवी.

आधी हाताचं बघू. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा हात धरायला स्वतःचा हात डोक्याच्या वर न्यावा लागतो. ते अचानक पळालं आणि आपण ओढलं, की झटका कोपरावर येतो. साधारण १ ते ४ वर्षांच्या मुलांत अशा ओढीनं कोपराजवळचं हाड जागचं सरकू शकतं. मूल तो हात हलवतच नाही. चोळू नका, डॉक्टरांकडे न्या. छाती-पाठीवरच्या पट्ट्यात हाच झटका धडावर विभागला जातो. मनगटाच्या पट्ट्यात तो पुन्हा हातावरच येतो, म्हणून तो टाळलेला बरा.

चालण्याचं म्हणाल, तर दोरी सैल असली की मूल स्वतःच तोल सांभाळतं. ती सतत ताणलेली असेल तर चूक धरणाऱ्याची.

खात्री घरीच करा. बक्कल लावल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं जावीत; मग मागून हलकं ओढा. पट्टा गळ्याकडे सरकला तर तो ढिला आहे. दोरीचं टोक आपल्या मनगटात असावं, खांबाला किंवा बाकाला कधीच नाही. घसरगुंडीवर पट्टा काढा, सरकत्या जिन्यावर मूल कडेवर घ्या. रस्ता ओलांडताना पट्टा असला तरी हात धरायचाच.