सिकलसेल म्हणजे नुसती रक्ताची कमी नव्हे

‘अंगावरून वारं जाणं (पक्षाघात) हा म्हाताऱ्यांचा आजार. सिकलसेलच्या पोराला रक्त कमी असतं, लोहाच्या गोळ्या द्या, झालं!’ गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत सर्रास ऐकू येणारी ही समजूत साफ चुकीची आहे.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात, इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्याही बिघडतात. या पेशी लवकर फुटतात. त्यातून सांडलेलं हिमोग्लोबिन, रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं. आतलं अस्तर दुखावतं, भिंत जाड होते, वाट अरुंद होते. मग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्याही अंगावरून वारं जातं: तोंड अचानक वाकडं होतं, हातातली पेन्सिल गळून पडते. अशा वेळी नजर उतरवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

धोका आधी कळू शकतो. डॉप्लर सोनोग्राफीचा प्रोब कानशिलावर टेकवून मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजतात. ना सुई, ना भूल. २ ते १६ वर्षांच्या मुलांत ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त भरला, तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताच्या पहिल्या झटक्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक घटते, हे अमेरिकेतल्या १९९८च्या अभ्यासात दिसलं. पुढे काही मुलांना हायड्रॉक्सियुरिया या औषधावर नेता येतं.

आणि लोहाच्या गोळ्या? वारंवार रक्त घेणाऱ्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असतं. तपासल्याशिवाय त्या देऊच नयेत.